संगणकाच्या मूळ फायलींचें रक्षण व पुनःस्थापन

पेरणीच्या दिवशीं बियाणें शोधीत हिंडणाऱ्या शेतकऱ्याचा वापसा निघून जातो, व गेलेला वापसा कोणत्याही किंमतीस परत मिळत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बियाणें आधीं राखून ठेवावयाचें असतें. हाच न्याय शेतकऱ्याच्या घरांत व सोसायटीच्या कचेरींत शिरलेल्या एका नव्या अवजारासही लागू आहे. तें अवजार म्हणजे संगणक होय. द्राक्षबागेच्या फवारणीची रोजनिशी, ऊसतोडणीचीं बिलें, मजुरांची हजेरी, ठिबकसंचाचे नकाशे, वडिलोपार्जित वाटणीपत्रांच्या छायाप्रती, असा जो मजकूर पूर्वीं ट्रंकेंत असे, तो आज पुष्कळ घरीं संगणकांत असतो. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हांपासून गांवोगांवच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे हिशेबही ह्याच वाटेनें चालले आहेत.

हें अवजार बंद पडतें तेव्हां पुष्कळदां त्याचें लोखंड बिघडलेलें नसतें. आंतील चालकप्रणालीच्या कांहीं फायली नासलेल्या असतात. ऐन कर्जवाटपाच्या आठवड्यांत यंत्र निळा अथवा काळा पडदा दाखवून बसतें. तें तालुक्याच्या दुकानांत नेलें म्हणजे “फॉरमॅट मारावा लागेल” असें उत्तर मिळतें. आणि घाईनें होकार दिला कीं दहा वर्षांचा मजकूर एका तासांत पुसला जातो. वास्तविक तो पुसण्याची गरज पुष्कळ वेळां नसते. प्रणालीच्या फायली जगांत हजारों ठिकाणीं तशाच्या तशा मिळतात. आपला मजकूर मात्र आपल्याशिवाय कोणापाशींच नसतो. हा भेद ज्यास नीट समजला त्याचें नुकसान क्वचितच होतें. म्हणून ह्या फायली कोणत्या, त्यांची राखण कशी होते, त्या नासल्यास कोणत्या क्रमानें परत बसवाव्या, व आपला मजकूर कोठें ठेवावा, ह्यांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. बहुतेक घरीं व कचेऱ्यांत विंडोज ही प्रणाली असल्यामुळें विवेचन तिच्यापुरतेंच ठेविलें आहे.

मूळ फायली कोणत्या

संगणकाच्या सी ड्राइव्हवर ‘विंडोज’ नांवाचें फोल्डर असतें व त्याच्या पोटांत ‘सिस्टिम३२’ हें दुसरें. प्रणालीचा बहुतेक जीव येथें असतो. ज्या फायलींच्या नांवाशेवटीं डीएलएल हीं अक्षरें असतात त्या सामायिक विहिरीसारख्या आहेत. एकाच विहिरीवर जशा अनेकांच्या मोटा चालाव्या, तसे अनेक प्रोग्राम एकाच फाईलवर चालतात. ती नासली कीं ज्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं असे प्रोग्रामही एकदम बंद पडतात. शेवटीं ‘सिस’ असलेल्या फायली बहुधा छपाईयंत्र, कीबोर्ड वगैरे उपकरणांशीं प्रणालीचें बोलणें करून देतात. त्यांतील एखादी बिघडली तर यंत्र सुरूच होत नाहीं, असेंही घडतें.

तिसरा महत्त्वाचा भाग म्हणजे रजिस्ट्री. हिला तलाठ्याच्या दप्तराची उपमा शोभेल. कोणता प्रोग्राम कोठें आहे, कोणास कोणता अधिकार आहे, कोणतें उपकरण कोणत्या नांवानें नोंदलें आहे, ह्या सर्वांची नोंद तेथें असते. सिस्टिम३२ मधील ‘कॉन्फिग’ ह्या फोल्डरांत सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी व डिफॉल्ट अशा नांवांच्या फायलींत हें दप्तर सांठविलेलें असतें. पूर्वीं प्रणाली आपण होऊन त्यांची एक प्रत शेजारच्या ‘रेगबॅक’ फोल्डरांत ठेवीत असे. २०१८ सालीं निघालेल्या विंडोज १० च्या १८०३ ह्या आवृत्तीपासून ती प्रथा बंद झाली. जुन्या पुस्तकांतील “रेगबॅकमधून प्रत आणावी” हा उपाय आतां बहुधा रिकाम्या फायलींपाशीं नेऊन सोडतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवूं नये.

प्रणालीची स्वतःची राखण

विंडोज ९५ च्या काळांत ह्या फायलींस कोणी राखणदार नव्हता. कोणताही नवा प्रोग्राम बसवितांना तो आपल्याबरोबर आणलेली जुनी डीएलएल खुशाल नव्या फाईलवर लिही, व दुसरे प्रोग्राम मरत. ह्या त्रासास त्या धंद्यांतील लोकांनीं ‘डीएलएल-नरक’ असेंच नांव दिलें होतें. विंडोज ९८ बरोबर मूळ फायली तपासणारें एक साधन आलें. २००० सालीं विंडोज २००० मध्यें खरी राखण सुरू झाली: संरक्षित फाईल कोणीं बदलली कीं प्रणाली तत्काळ सांठ्यांतून शुद्ध प्रत काढून परत बसवी. त्याच सालच्या विंडोज मी ह्या आवृत्तींत ‘सिस्टिम रिस्टोअर’ आलें, ज्यायोगें यंत्राची मांडणी मागील एखाद्या दिवसासारखी करतां येऊं लागली. जानेवारी २००७ मध्यें सर्वसाधारण ग्राहकांसाठीं निघालेल्या विंडोज व्हिस्टापासून बंदोबस्त आणखी कडक झाला. मूळ फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नांवाच्या सेवेकडे गेली, व संगणकाच्या धन्यासही त्या सहजासहजीं बदलतां येईनात. ह्यांत धन्याचा अपमान नाहीं. व्हायरस शिरतो तो धन्याच्याच अधिकारानें वावरतो. म्हणून ज्या कोठाराची किल्ली धन्याच्या खिशांत नसते तेंच कोठार सुरक्षित राहतें.

खरी फाईल व खोटी फाईल ओळखावयाची कशी? आपण जो डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतरवून घेतों त्यांत एक अक्षर जरी कोणीं बदललें तरी स्वाक्षरी जुळत नाहीं. तोच प्रकार येथें आहे. प्रत्येक मूळ फाईलचा एक अंकांचा ठसा काढून त्यावर कर्त्याची स्वाक्षरी ठेविलेली असते. तपासणींत ठसा जुळला नाहीं तर फाईल नासली असें ठरतें.

बियाण्याच्या परंपरेशीं ही व्यवस्था ताडून पाहिली तर ती चटकन ध्यानांत येते. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी व प्रमाणित बियाण्यास निळी खूणचिठ्ठी असते, व खालच्या पायरीचें बियाणें नासलें तर वरच्या पायरीकडे जावें लागतें. संगणकांत चालूं असलेली फाईल हें शेतांतील उभें पीक होय. ‘विनएसएक्सएस’ नांवाच्या फोल्डरांत तिची शुद्ध प्रत असते. ती घरची कणगी होय. आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या भांडारांत जी प्रत असते तें पैदासकार बियाणें. विनएसएक्सएस हें फोल्डर आकारानें मोठें दिसतें, म्हणून जागा रिकामी करण्यासाठीं तें हातानें पुसण्याचा मोह पुष्कळांस होतो. तसें केव्हांही करूं नये; तें पेरणीआधीं कणगी जाळण्यासारखें आहे. जागा हवी असल्यास प्रणालींतच ‘डिस्क क्लीनअप’ हें साधन आहे, त्याचा उपयोग करावा.

नास कशानें होतो

पहिलें कारण वीज. फाईल लिहिली जात असतां वीज गेली तर अर्धी नवी व अर्धी जुनी अशी फाईल शिल्लक राहते. खेड्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसल्यामुळें टेबलावरील संगणकास यूपीएस ही चैन समजूं नये. ती नांगरास फाळ असावा इतकी आवश्यक आहे. अपडेट चालूं असतां तर यंत्र कधींही बंद करूं नये. दिवसांतून ज्या वेळीं वीज खात्रीची असते, ती वेळ अपडेटासाठीं राखावी.

दुसरें कारण हार्ड डिस्कचें म्हातारपण. डिस्कच झिजली असेल तर तीवर शुद्ध फायली कितीही वेळां बसविल्या तरी त्या पुन्हां नासतात. उंदरानें पोखरलेल्या कणगींत धान्य भरीत राहण्यांत अर्थ नसतो. यंत्र फार मंद होणें, फाईल उघडतांना अडकणें, डिस्कमधून टकटक आवाज येणें, हीं लक्षणें दिसतांच प्रथम मजकूर बाहेर काढावा व मग डिस्क बदलावी.

तिसरें कारण व्हायरस, व त्याची आवडती वाट म्हणजे चोरून मिळविलेली प्रणाली किंवा फुकटचा म्हणून कोणीं दिलेला प्रोग्राम. जुनी प्रणालीही अशीच धोक्याची असते. विंडोज १० चा मोफत सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. ज्यांच्या यंत्रावर ती आहे व ज्यांनीं वाढीव मुदतीसाठीं नोंदणी केलेली नाहीं, त्यांचें कुंपण एके बाजूनें उघडें आहे असें समजावें.

चौथें कारण आपलाच हात. २००१ सालीं ई-मेलद्वारें जगभर एक सूचना फिरली कीं, ‘सल्फएनबीके’ नांवाची फाईल आपल्या संगणकांत आढळल्यास ती व्हायरस आहे, ती पुसून टाकावी व हा निरोप सर्व मित्रांस कळवावा. लोकांनीं शोधलें, फाईल सांपडली, व त्यांनीं ती पुसली. ती विंडोजचीच फाईल होती, व तिचें काम लांब नांवें परत बसविण्याचें होतें! पुढील सालीं ‘जेडीबीजीएमजीआर’ ह्या फाईलविषयीं असाच निरोप निघाला. तिचें चित्र लहानशा अस्वलाचें असल्यानें लोकांस तो संशय खराच वाटला. सुदैवानें ह्या दोन्ही फायलींवाचून सामान्य मनुष्याचें फारसें अडत नव्हतें. परंतु ह्या अफवांस व्हायरसाची गरजच पडली नाहीं. भीति दाखवून धन्याकडूनच त्याचें कोठार फोडविलें गेलें. आज तशा सूचना व्हॉट्सॲपवर येतात, किंवा “आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतों, तुमच्या यंत्रांत बिघाड आहे” असा दूरध्वनि येतो. कंपनी आपण होऊन असा दूरध्वनि करीत नाहीं. अशा मनुष्याच्या सांगण्यावरून कांहीं बसवूं नये, कांहीं पुसूं नये. पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० ह्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावें.

पांचवें कारण विचित्र आहे: राखणदाराचीच चूक. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षण-प्रोग्राम पुरविणाऱ्या कंपनीनें एक सदोष फाईल जगभर पाठविली. तीमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांस हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. उपाय तसा साधा होता: यंत्र ‘सेफ मोड’मध्यें उघडावयाचें व ती एक फाईल काढावयाची. परंतु जेथें डिस्क कुलूपबंद होती व किल्लीचे अंक कोणापाशींच टिपलेले नव्हते, तेथें हा साधा उपायही अडून राहिला. ह्या किल्लीविषयीं पुढें सांगणार आहों.

दुरुस्तीचा क्रम

बिघाड दिसला म्हणजे क्रम सोडूं नये. सौम्य उपाय आधीं व तीव्र उपाय शेवटीं, हा गुरांच्या औषधोपचारांतील नियम येथेंही पाळावा.

पहिली पायरी: यंत्र सुरू होत असेल तर दुसरें कांहींही करण्यापूर्वीं आपला मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स व छायाचित्रें हीं तर घ्यावींच. हिशेबाचा प्रोग्राम आपली माहिती कोठें सांठवितो हें तो देणाऱ्या माणसास विचारून तेंही फोल्डर घ्यावें.

दुसरी पायरी: स्टार्टच्या शोधपेटींत रोमन लिपींत सीएमडी हीं अक्षरें लिहावीं, जें नांव वर येईल त्यावर उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावें. काळी खिडकी उघडते. पुढील आज्ञा तींत रोमन अक्षरांनीं द्यावयाच्या आहेत. प्रथम डिस्क तपासावी. ह्यासाठीं सीएचकेडीएसके हीं अक्षरें, मग एक जागा सोडून सी हें अक्षर व त्यापुढें दोन टिंबें, असें लिहून एंटर दाबावें. एवढ्यानें फक्त तपासणी होते. डिस्कवर कांहीं बदललें जात नाहीं.

तिसरी पायरी: घरची कणगी शुद्ध करणें. ह्यासाठीं डीआयएसएम, मग जागा सोडून तिरपी रेघ व ऑनलाइन, पुन्हां जागा सोडून तिरपी रेघ व क्लीनअप-इमेज, आणि पुन्हां जागा सोडून तिरपी रेघ व रिस्टोरहेल्थ हे शब्द लिहावे. ही आज्ञा विनएसएक्सएसमधील सांठा तपासून त्यांतील नासलेल्या प्रती मायक्रोसॉफ्टच्या भांडारांतून नव्यानें आणते. म्हणून इंटरनेट चालूं असावें लागतें. मध्येंच शेंकड्याचा आंकडा बराच वेळ एके जागीं थांबतो. धीर धरावा, खिडकी बंद करूं नये.

चौथी पायरी: त्या शुद्ध सांठ्यांतून उभें पीक सुधारणें. एसएफसी, मग जागा सोडून तिरपी रेघ व स्कॅननाऊ, अशी ही आज्ञा आहे. तिचें उत्तर बहुधा तीनपैकीं एक येतें. “कोठेंही नास आढळला नाहीं” असें आल्यास बिघाड अन्यत्र आहे. “नास आढळला व दुरुस्त केला” असें आल्यास यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. “नास आढळला, परंतु कांहीं फायली दुरुस्त करतां आल्या नाहींत” असें आल्यास तिसरी व चौथी पायरी पुन्हां करावी. पुष्कळ लोक तिसरी पायरी गाळून एकदम चौथी करतात, व उपाय लागला नाहीं म्हणून निराश होतात. कणगींतच कीड असेल तर तींतलें बियाणें पुन्हां पेरून काय होणार?

पांचवी पायरी: सिस्टिम रिस्टोअर. बिघाड नवा प्रोग्राम किंवा नवा ड्रायव्हर बसविल्यापासून असेल तर ही उत्तम. हिच्यानें मूळ फायली व रजिस्ट्री मागील एका खुणेवर, म्हणजे ‘रिस्टोअर पॉइंट’वर, परत जातात. त्यानंतर बसविलेले प्रोग्राम जातात. आपले कागदपत्र जसेच्या तसे राहतात. मात्र ही सोय पुष्कळ यंत्रांवर बंदच असते. आजच शोधपेटींत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असें लिहून सी ड्राइव्हसमोर ती चालूं आहे कीं नाहीं तें पाहावें, व नसल्यास चालूं करावी.

सहावी पायरी: यंत्र सुरूच होत नसल्यास. सुरू होण्याचा प्रयत्न एकामागून एक फसला म्हणजे विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा दाखवितें. त्यांत ‘स्टार्टअप रिपेअर’, अलीकडील अपडेट काढून टाकणें, रिस्टोअर व सेफ मोड हे मार्ग असतात. तोही पडदा न आल्यास प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावें. हा पेनड्राइव्ह कमींत कमी ८ जीबीचा लागतो, व तो मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून चालत्या यंत्रावर फुकट करतां येतो. बिघाड झाल्यावर तो करावयास चालतें यंत्र शोधीत हिंडावें लागतें. म्हणून आधींच करून चिठ्ठी लावून ठेवावा.

येथेंच किल्लीचा प्रश्न येतो. नव्या यंत्रांत डिस्क बहुधा कुलूपबंद असते, व दुरुस्तीच्या वेळीं ४८ अंकांची बिटलॉकर-किल्ली मागितली जाते. यंत्रावर मायक्रोसॉफ्टचें खातें असल्यास ती बहुधा त्या खात्यांत सांपडते. ती आजच काढून कागदावर उतरावी व कागद खरेदीखताबरोबर ठेवावा. ही किल्ली नसेल तर डिस्कवरील मजकूर धन्यासही मिळत नाहीं.

सातवी व शेवटची पायरी: प्रणाली नव्यानें बसविणें. विंडोज ११ च्या सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ ह्या सदरांत अपडेटाच्या द्वारें प्रणाली पुन्हां बसविण्याची सोय आहे. तीनें प्रोग्राम, कागदपत्र व मांडणी सर्व राहतें. ‘रिसेट’ ह्या मार्गांत आपल्या फायली ठेवण्याचा पर्याय असतो, परंतु बसविलेले प्रोग्राम जातातच. आणि सर्व पुसणें, म्हणजे दुकानदाराचा ‘फॉरमॅट’, हा त्याहून पुढचा उपाय. व्हायरस खोलवर शिरला असेल तर मात्र तोच खरा उपाय होय. तेथें अर्धवट दुरुस्ती करणें म्हणजे हरळीचा नुसता शेंडा छाटणें आहे.

एक गोष्ट केव्हांही करूं नये: नासलेली एकच डीएलएल कोणत्या तरी अनोळखी स्थळावरून उतरवून आणून बसविणें. खूणचिठ्ठी नसलेल्या पिशवींतलें बियाणें शहाणा शेतकरी घेत नाहीं.

प्रत कोठें असावी

वरील सर्व उपाय प्रणालीपुरते झाले. आपल्या मजकुरास कोणत्याही कंपनीच्या भांडारांत पैदासकार बियाणें नसतें. त्याची प्रत आपणच ठेवावयाची, व ती कोठें ठेवावी ह्याविषयीं २०१७ सालची एक हकीकत फार बोधप्रद आहे.

२७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा व्हायरस युक्रेन देशांतील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटांतून बाहेर पडला. तो डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदी व फायलींची अनुक्रमणिकाच नासवून टाकीत असे. मर्स्क ह्या डेन्मार्कच्या जहाजकंपनीचीं यंत्रें कांहीं तासांत जगभर बंद पडलीं. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या समूहाच्या टर्मिनलाचें कामही खोळंबलें. आतां ह्या कंपनीपाशीं प्रती नव्हत्या असें नाहीं. तिच्या सर्व संगणकांची मुख्य नोंदवही ठेवणारीं दीडशेच्या आसपास यंत्रें निरनिराळ्या देशांत होतीं व प्रत्येक यंत्र दुसऱ्याची प्रत ठेवीत होतें. परंतु तीं सर्व एकमेकांस सतत जोडलेलीं होतीं. एकाच पाटावरच्या सर्व वाफ्यांत जसें विषारी पाणी शिरावें, तसा नास सर्वांत शिरला. वांचलें तें एकच यंत्र, आफ्रिकेंतील घाना देशांतलें. आणि तें वांचण्याचें कारण असें कीं, त्या वेळीं तेथील वीज गेलेली असल्यामुळें तें जाळ्यापासून तुटलेलें होतें! त्या यंत्रांतील मजकूर हातोहात विमानानें इंग्लंडांत नेण्यांत आला, व त्याच्या आधारानें कंपनीनें पुन्हां उभारणी केली. कंपनीच्या अध्यक्षांनीं पुढें जाहीर केल्याप्रमाणें दहा दिवसांत सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें बसवावे लागले.

एवढ्या मोठ्या कंपनीस जें दैवानें मिळालें तें लहान शेतकऱ्यास बुद्धिपूर्वक करतां येतें. जी प्रत यंत्रास सदैव जोडलेली आहे ती संकटाच्या वेळीं प्रत राहत नाहीं. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह ह्यांसारख्या सोयी उपयुक्त आहेत, त्यांत जुन्या आवृत्त्या कांहीं काळ राहतात हेंही खरें. तथापि घरच्या यंत्रांतली फाईल नासली वा पुसली गेली म्हणजे तोच बदल तेथेंही पोंचतो, हें विसरूं नये. म्हणून पीटर क्रोग ह्या छायाचित्रकारानें प्रचारांत आणलेला तीन-दोन-एक हा नियम पाळावा: एकूण तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक प्रत दुसऱ्या गांवीं किंवा दुसऱ्या घरीं असावी. व्यवहारांत हें असें करावें. एक प्रत संगणकांत असतेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी प्रत घेतेवेळींच जोडावयाची व लगेच काढून कपाटांत ठेवावयाची. तिसरी इंटरनेटवरील भांडारांत, किंवा दुसऱ्या डिस्कवर घेऊन शहरांतील भावाकडे अथवा लेकीकडे. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्यास आणखी चांगलें.

प्रत घेतली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून किती उगवतात तें मोजतों. तशीच प्रतीची उगवण पाहावी. तीन महिन्यांतून एकदां ती डिस्क दुसऱ्या यंत्रास लावून पांच-सात फायली उघडाव्या, हिशेबाची माहिती प्रोग्राममध्यें परत चढवून एखाद्या खात्याची बाकी जुळते कीं नाहीं तें पाहावें. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून फॉरमॅटास होकार देणें म्हणजे उगवण न पाहतां सारें शेत पेरणें होय.

सोसायट्यांनीं काय करावें

सामायिक योजनेखालील सोसायट्यांचे हिशेब दूरच्या केंद्रीय भांडारांत असतात, म्हणून आपल्यास चिंता नाहीं, असा समज कांहीं ठिकाणीं आढळतो. परंतु ठरावांचे मसुदे, सभासदांच्या अर्जांच्या छायाप्रती, जुन्या प्रोग्राममधील मागील वर्षांच्या खतावण्या, हीं बहुधा कचेरीच्या एकाच यंत्रांत असतात, व त्यांवरच उद्यां एखाद्या सभासदाचा हक्क ठरावयाचा असतो. म्हणून प्रत घेण्याचें काम एका माणसाच्या नांवें ठरावानें सोंपवावें. एका साध्या वहींत तारीख, डिस्कचा क्रमांक व सही अशी नोंद व्हावी. प्रणालीचा पेनड्राइव्ह व किल्लीचा कागद तिजोरींत असावा. आणि दैनंदिन कामासाठीं यंत्रावर साधें खातें वापरून व्यवस्थापकाचें खातें फक्त दुरुस्तीच्या वेळीं उघडावें, म्हणजे मूळ फायलींवर हात पडण्याचा प्रसंगच कमी होतो. वार्षिक सभेंत सभासदांनीं लेखापरीक्षणाच्या अहवालाबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावे: शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ती कोठें आहे, व ती उघडून कोणीं पाहिली आहे? ह्या तिहींस उत्तर मिळालें तर संस्था सुरक्षित आहे असें मानावयास हरकत नाहीं.

खंडेनवमीस आपण नांगर, कुळव, विळे व कोयते धुवून पुसून मांडतों. त्या दिवशीं संगणकासमोरही हळदकुंकू वाहणारीं घरें आतां दिसतात, हें चांगलेंच आहे. मात्र विळ्याची धार जशी पूजेपूर्वीं तपासली जाते, तशी ह्या अवजाराचीही चौथ्या पायरीपर्यंतची तपासणी त्याच दिवशीं व्हावी, मजकुराची एक ताजी प्रत घ्यावी, व मग फूल वाहावें. दुसरी प्रत पाडव्यास नव्या वहीबरोबर, तिसरी अक्षय्य तृतीयेस व चौथी आषाढीच्या सुमारास घेण्याचा परिपाठ ठेविला, तर वर्षांत चार प्रतींची तरतूद होते. ज्या घरीं रोजचा मजकूर पुष्कळ आहे त्यांनीं तो दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं उतरवून घ्यावा. ह्यास एक डिस्क, एक पेनड्राइव्ह, एक कागद व घटकाभर वेळ एवढाच खर्च आहे. आणि कोणत्याही दिवशीं दुकानदारानें “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणून सांगितलें, तर “खुशाल मारा” असें उत्तर त्याला देतां येईल.